मुहूर्त न बघता, वेगळ्या पद्धतीनं लग्न केलं आणि त्या दिवशी सगळं फिसकटलं असं कुणाचं झालंय का? (कोल्हापूर)

कागलची_थोरली

नमस्कार मंडळी. २५ डिसेंबरला माझं लग्न आहे, सत्यशोधक पद्धतीनं करायचं ठरवलंय. भटजी नाही, मुहूर्त नाही, हुंडा मानपान काही नाही, तांदळाच्या अक्षता टाकायच्या नाहीत तर फुलं टाकायची, दोघांनी सगळ्यांसमोर शपथ घ्यायची आणि महात्मा फुल्यांनी लिहिलेली मंगलाष्टकं म्हणायची. तारीख पण मुद्दाम धरलीय, पहिलं सत्यशोधक लग्न १८७३ साली याच दिवशी लागलंतं, शिवाय नाताळची सुट्टी असल्यामुळं सगळ्यांना यायला जमतंय. जागा म्हणजे आमचंच रान, तोवर ऊस तुटून गेलेला असेल असं धरलंय.

घरात विरोध कुणाचा नाही. आईचा पण नाही. पण तिला रात्रीची झोप लागंना झालीय. तिचं म्हणणं एवढंच की लग्नात काही ना काही इकडं तिकडं होतंच, दुसऱ्याच्या लग्नात झालं तर लोक म्हणतात चालायचंच, तुझ्या लग्नात झालं तर म्हणणार देवाधर्माचं काही केलं नाही म्हणून झालं, आणि ते तुला जन्मभर ऐकायला लागणार. मी तिला कितीही समजावलं तरी माझ्याकडं अनुभव नाही, नुसती मतं आहेत. म्हणून इथं विचारतेय. ज्यांनी रजिस्टर, सत्यशोधक, बिनमुहूर्ताचं असं लग्न केलं आणि त्या दिवशी ठरलेलं काहीच झालं नाही त्यांनी खरं खरं लिहा. लोक काय बोलले, तुम्हाला किती लागलं, पुढं काय झालं. आईला वाचून दाखवणार आहे.

प्रयाग_काठ

ताई, माझं लग्न ऑगस्ट २०१९ ला धरलेलं. एवढं म्हटलं की कोल्हापुरातल्या माणसाला पुढचं सांगायला लागत नाही.

माहेर प्रयाग चिखली. आमचा आंतरजातीय, विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर करायचा होता. त्यात आधी नोटीस द्यायला लागते आणि तीस दिवस थांबायला लागतं, आम्ही जुलैच्या सुरवातीला दिली म्हणून तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. दुपारी सही करायची आणि संध्याकाळी शहरात एका कार्यालयात जेवण, बास. श्रावण लागलेला, त्यामुळं आधीच नातेवाईकांत कुजबुज होती की चातुर्मासात कोण लग्न करतं का.

चिखलीला पंचगंगेचं पाणी येतं हे आम्हाला नवीन नाही. नदी रस्त्यावर येते, दोन चार दिवस राहते आणि जाते. २००५ च्या पाण्याची खूण घराघरात माहीत, त्याच्या वर काय जात नाही असं सगळे धरून बसलेले. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका पातळी, ती गेली, मग ५० गेली, शेवटी ५५ च्या वर पाणी. आई, भाऊ आणि मी बोटीतनं बाहेर आलो. बाबा आले नाहीत. चार म्हशी होत्या, त्यांना सोडून मी कुठं जाऊ म्हणाले आणि शेजारच्या स्लॅबवर जाऊन बसले. बोटीत प्रत्येकाला एकच पिशवी घ्यायला सांगितलेली, मी कागदपत्रांची घेतली. लग्नाची साडी, आईनं वर्षभर जमवलेली भांडी, मावशीनं केलेलं रुखवत, सगळं घरातच राहिलं.

आणि आम्हाला नेलं कुठं तर ज्या कार्यालयात माझं जेवण ठरलंतं तिथंच. शाळा, हॉल, कार्यालयं सगळीकडं पूरग्रस्तांची सोय केलेली, आमच्या गल्लीच्या वाट्याला तेच आलं. माझा होणारा नवरा हातकणंगल्याकडचा. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, तिकडनं इकडं यायला वाटच राहिली नव्हती. फोन लागला तर लागला. ज्या दिवशी सही करायची त्या दिवशी मी त्या हॉलच्या पायरीवर बसून होते आणि बाबांचा फोन बंद येत होता. लग्नाचं काही डोक्यात पण नव्हतं तेव्हा.

कोठीत आमच्या जेवणाचा किराणा भरून ठेवलेला होता. तांदूळ, तुरीची डाळ, तेलाचे डबे, रवा, साखर. आईनंच आचाऱ्याला सांगितलं की काढा सगळं. शहरातली पंपिंग स्टेशनं बुडाल्यामुळं नळाला पाणी नव्हतं, टँकर आला की बायका रांगेत, मग चूल पेटायची. माझ्या लग्नाचा शिरा आमच्या गावातल्या पोरांनी खाल्ला. मी पण वाढायला होते. आंबेवाडीची एक म्हातारी होती, तिला कुणीतरी सांगितलं की हे या पोरीच्या लग्नाचं जेवण आहे, तिनं ताट खाली ठेवलं आणि कनवटीचे दहा रुपये काढून माझ्या हातात आहेर म्हणून दिले. ती नोट मी खर्च केलेली नाही.

बाबा सुखरूप आले. दोन म्हशी गेल्या.

आता तुझ्या आईला जे विचारायचंय ते. होय, लोक बोलले. श्रावणात लग्न धरलं म्हणून नदी कोपली असं माझ्या सख्ख्या चुलत्यांनी म्हटलं, तेही त्या हॉलमधे बसून. तेव्हा लागलं. लई लागलं. पण पंचगंगेला २००५ ला पूर आला तेव्हा मी शाळेत होते, आणि २०२१ ला परत आला तो २०१९ पेक्षा पण वर, तेव्हा माझं लग्न होऊन पोरगी रांगत होती. नदीला राधानगरी धरणाचं पाणी कळतं, धरणक्षेत्रात पाऊस किती झाला ते कळतं. माझी तारीख तिला माहीत नव्हती. हे मी चुलत्यांना तोंडावर सांगितलं नाही, पण २०२१ ला परत घर सोडताना तेच म्हणाले की जाऊदे पोरी, मी तेव्हा उगीच बोललो.

सही आम्ही सप्टेंबरात केली. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांपर्यंत चालते त्यामुळं परत नोटीस द्यायला लागली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तीन साक्षीदार लागतात. एक नवऱ्याचा मित्र, एक आमच्या शेजारच्या काकू आणि तिसरे त्या कार्यालयाचे वॉचमन मामा. अंगावर बाईंनी दिलेली साडी होती, मला मराठी शिकवणाऱ्या. सहीनंतर जेवण वगैरे काही केलं नाही, जे होतं ते झालंच होतं.

गंगावेशचा_बंड्या

ताई वाचून डोळ्यात पाणी आलं. आम्ही त्या आठवड्यात बोटीवर होतो, तालमीतली सगळी पोरं. तुमच्या बाबांसारखी लई माणसं होती, जनावरं सोडून येईनात, आणि त्यांना नावं ठेवायची आमची हिंमत झाली नाही. जनावर म्हणजे घरातलं माणूसच की.

चुलवाण

नमस्कार. मी आचारी हाय, वडलांच्यापासनं आमचा हाच धंदा. करवीर, पन्हाळा, कागल सगळीकडं जेवणं केल्यात. तुमच्या आईला माझं येवडंच सांगा की आमी मुहूर्ताची लग्नं बी बघितल्यात आन बिनमुहूर्ताची बी. इसकाटायचं आसलं तर दोन्ही सारखीच इसकाटत्यात.

पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गावात मे महिन्यात लग्न व्हतं. गोरज मुहूर्त, दोन पंचांगं बघून काढल्याला. दारात मांडव, हजारभर पानाचं जेवण. चार वाजता पश्चिमेकडनं आभाळ काळं झालं. वळीव म्हंजे तुमाला म्हाईत हाय, आधी वारं येतंय, मग धूळ, मग गारा. मांडवाचं कापड उडून आंब्यावर जाऊन बसलं. पत्रं उडालं. माझी भट्टी भिजली, मसालेभाताच्या पातेल्यात गारा पडल्याल्या मी डोळ्यानं बघितल्या. लाइट गेली. बायका पोरं सगळी जवळच्या घरात पळाली, नवरा मुलगा मारुतीच्या देवळात वरातीच्या घोड्याबरं उभा. मुहूर्त टळला.

पाऊस थांबला तवा सात वाजून गेल्यालं, सगळा चिखल. कुटं बसवायची माणसं? मग गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की आमच्या गुऱ्हाळात चला. मे महिन्यात गुऱ्हाळ बंद आसतंय, हंगाम उरकल्याला. मोठं छप्पर, खाली जमीन कोरडी, चुलवाण तयार, शेजारी चिपाडाची गंजी. पोरांनी काहील कडंला सरकवली, झाडून घेतलं, दोन ट्रॅक्टर उभा करून त्येंच्या लाइटी आत मारल्या. मी चुलवाणावर पातेली चढवली, चिपाडाचा जाळ लई झोंबरा आसतो, भात पंधरा वीस मिनटात फुलला. नवरानवरी गुळाच्या वाफ्याजवळ उभी राहिली आन तितंच अक्षता पडल्या. बँजोवाला भिजून घरला गेल्याला, गावातल्या पोरांनी हलगी आन घुमकं आणलं. तसलं वाजवल्यालं मी परत ऐकलं न्हाई.

जेवणात जिलेबी न्हवती, ती भिजून गेली. त्या म्हाताऱ्यानं घरातला नवा गूळ काढला, गूळ आन भात आन आमटी. लोकांनी ताटं चाटूनपुसून खाल्ली.

आन आता बगा, त्या लग्नात मुहूर्त टळला तर कोण काय बोललं? कोण बी न्हाई. वळीवच तसला आला म्हनले. हेच तुमच्या लग्नात झालं तर बोलतील, हे तुमच्या आईचं खरं हाय. पन बोलनाऱ्याचं तोंड ताटावर बसलं की बंद व्हतंय, हे मी आयुष्यभर बगतोय. जेवण चुकू देऊ नका.

एक कामाचं सांगतो. ऊस तुटल्याला आसंल असं धरून चालू नका. तोड कारखान्याच्या पाळीपरमानं येती, टोळी आली तर येती, न्हाईतर तुमी फेऱ्या मारत बसा. २५ तारखेला रानात ऊस उभाच ऱ्हायला तर मांडव कुटं घालनार? दुसरी जागा आत्ताच बगून ठेवा.

निपाणी_नाका

काकांनी मुहूर्ताचं काढलं म्हणून माझ्या बहिणीचं लिहितो. १४ मे २०२१, अक्षय तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग उघडायची पण गरज नाही असा दिवस. आणि त्या दिवशी आमच्यात जेवढ्या गोष्टी बिघडायच्या तेवढ्या बिघडल्या.

तेव्हा कोरोनामुळं महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम होता, मोडला तर पन्नास हजार दंड. मुलगा निपाणीचा. अंतर म्हटलं तर कोल्हापूरपासून तासाभराचं पण मधे राज्याची हद्द, कोगनोळीला नाका. तिकडं पण लॉकडाऊन लागलेलं आणि महाराष्ट्रातनं कर्नाटकात जायचं तर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट पाहिजे. मुलगा आणि त्याचे आईवडील तिघं आले. करवली म्हणून येणारी त्याची बहीण आली नाही, तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. लग्न शिवाजी पेठेत आमच्या गच्चीवर. शेजारच्या गच्च्यांवर लोक उभे राहिले आणि तिथनंच अक्षता टाकल्या, अर्ध्या रस्त्यावर पडल्या. भटजी क्वारंटाइन होते, त्यांनी फोनवरनं मंगलाष्टकं म्हटली, तीही मधेच तुटली, उरलेली माझ्या आईनं म्हटली.

मग पाठवणीच्या वेळी कळलं की बहिणीचा रिपोर्टच आलेला नाही. लॅबवर इतका लोड होता तेव्हा. तिला नाक्यावरनं पुढं सोडणार नव्हते. मग काय, पाठवणी झालीच नाही. सासूसासरे निपाणीला परत गेले आणि जावई आमच्यात राहिला, आणि त्याच वीकेंडला जिल्ह्यात कडक लॉकडाऊन लागलं, दूध सोडून काही मिळंना झालं. बहीण स्वतःच्याच घरात नवी नवरी. आई तिला काम सांगायला लाजायची. जावयानं पहिल्या दोन दिवसांनंतर स्वतःहून झाडलोट सुरू केली, माझ्या वडलांच्या डब्याची पोळी करायचा, वडील तेव्हा महापालिकेत ड्युटीवर होते. खरं सांगायचं तर त्या मुलाला आम्ही ओळखलं ते त्या दिवसांत. बघायच्या कार्यक्रमात काय कळतं माणूस.

पण सगळं गोड होतं असं लिहिणार नाही. आमची आजी तेव्हा दवाखान्यात होती. लग्नाचा व्हिडिओ तिला एका सिस्टरनी त्यांच्या मोबाईलवर दाखवला, ऑक्सिजन लावलेला, तिनं हात वर केला म्हणे. ती घरी आली नाही. बहीण आजपण लग्नाचा अल्बम उघडत नाही. ताई तुम्ही विचारलंय किती लागतं म्हणून सांगतो, जेवण, मांडव, रिपोर्ट हे कुणाच्या लक्षात पण राहत नाही. माणूस नसणं लागतं. त्यामुळं जी दोन चार माणसं असलीच पाहिजेत ती तुमच्याजवळ असतील एवढं बघा, बाकीचं कसं का होईना.

कागलची_थोरली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चिखलीच्या ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती उठून आत गेली आणि थोड्या वेळानं येऊन म्हणाली परत वाच. दादा, आजीचं वाचून वाईट वाटलं. आचारी काका, तोडीचं तुम्ही बरोबर बोललात, बाबा पण तेच म्हणत होते आणि आम्ही त्यांना गप्प बसवत होतो. आता दुसरी जागा बघतोय.

अजून एक विचारायचंय, सत्यशोधक पद्धतीनं कुणी केलंय का इथं? आमच्यात जे विधी चालवायला येणार आहेत त्यांचं वय झालंय, ऐनवेळी त्यांना जमलं नाही तर काय, हा आईचा नवा प्रश्न आहे.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

बाळ, हा प्रश्न माझ्यासाठीच आलाय असं वाटलं. आमचं लग्न ऐंशीच्या दशकातलं, सत्यशोधक. मी मराठा, हे धनगर. आता वाटेल त्यात काय, तेव्हा दोन्हीकडनं बोलणं बंद झालंतं. माझ्या वडलांनी मात्र साथ दिली. ते म्हणायचे ज्या गावात शाहू महाराजांनी १९१९ सालीच आंतरजातीय लग्नाला मान्यता देणारा कायदा केला, आणि मराठा-धनगर सोयरिकी स्वतः पुढाकार घेऊन जुळवल्या, त्या गावात राहून मी माझ्या पोरीला नाही कसं म्हणू.

लग्न घरासमोरच्या अंगणात. विधी चालवायला एक गुरुजी येणार होते गडहिंग्लजकडनं, एसटीनं. एसटी वाटेत बंद पडली. तेव्हा मोबाईल कुठला, त्यांचा निरोप पण नाही. अकरा वाजले, बारा वाजले. जमलेली माणसं आधीच थोडी, त्यातली काही घड्याळ बघायला लागली. ह्यांच्या घरनं फक्त एक मावशी आलेल्या, त्या मला म्हणाल्या, पोरी, बघ बाई, अजून विचार कर, हे लक्षण बरं नाही. माझे पाय थरथरत होते. वडील सारखे फाटकापर्यंत जाऊन येत होते.

तेव्हा माझी आजी उठली. शाळा बघितलेली नव्हती तिनं. पण लहानपणी गावात सत्यशोधक जलसे, म्हणजे गाण्या-नाटकांतनं विचार सांगणारे कार्यक्रम, बघितलेले, त्यातली पदं तिला तोंडपाठ होती. ती म्हणाली, "आरं, बामन नको म्हनून ह्ये लगीन मांडलंया न्हवं? मग मास्तराची वाट कशापाय बघायची? पोरांस्नी तोंड न्हाई व्हय?" आणि तिनं आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. ह्यांना म्हणाली, तू हिला काय देणार ते बोल. हे शिक्षक, वर्गात तासभर बोलणारा माणूस, त्यांना शब्द सुचंना. मग हळूहळू म्हणाले की हिच्या शिकण्याच्या आड येणार नाही, हिच्यावर हात उगारणार नाही, माझ्या पगाराचा हिशेब हिच्यापासून लपवणार नाही. आजीनं माझ्याकडं बघितलं. मी पण बोलले, ते इथं लिहीत नाही. मग तिनं ओंजळभर शेवंती आमच्यावर टाकली आणि म्हणाली झालं लगीन, ताटं घ्या.

गुरुजी तीनला पोचले, धुळीनं माखलेले. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले की महात्मा फुल्यांना यापेक्षा वेगळं काय पाहिजे होतं. मग त्यांनी मंगलाष्टकं म्हटली आणि जेवले.

सासरे त्या दिवशी आले नाहीत, पुढं थोरला झाल्यावर आले. अपशकुन म्हणणाऱ्या मावशींच्या म्हातारपणी दवाखान्याची सगळी धावपळ आम्ही दोघांनीच केली. शपथेतलं ह्यांनी सगळं पाळलं. मी लग्नानंतर बी.एड. केलं, नोकरी करून निवृत्त झाले.

म्हणून आईला सांग, विधी चालवणारे आले तर आनंदच, नाही आले तर घरातलं एक धीट माणूस आधीच ठरवून ठेव. शपथ आणि मंगलाष्टकं दोन कागदांवर मोठ्या अक्षरात लिहून दोघींच्या पर्समधे ठेवा. आणि लग्न झाल्यावर नोंदणी लांबवू नका. आम्ही ती बरीच उशिरा केली, पासपोर्टच्या वेळी फार धावपळ झाली. तीन साक्षीदार लागतात, त्यांच्या आधार कार्डाच्या प्रती लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवा, नंतर माणसं सापडत नाहीत.

प्रयाग_काठ

काकू, पगाराचा हिशेब हे शपथेत घेणारा माणूस, वा. कागलच्या ताई, तुमच्या शपथेत हे घालाच.

कागलची_थोरली

काकू, आईनं स्वतः मोबाईल हातात घेऊन तुमचं वाचलं. धीट माणूस कोण म्हणून घरात चर्चा झाली आणि ती स्वतःच म्हणाली मी बोलीन. आजपासून मंगलाष्टकं पाठ करायला बसलीय, पाठांतर तिचं चांगलं आहे. जागेचं म्हणाल तर चुलत्यांच्या खळ्यावर करायचं ठरलं, तिथं सोयाबीन निघून गेलेलं असतं आणि शेजारी शेड पण आहे. आचारी काका, २५ डिसेंबर तुम्हाला मोकळा आहे का? साडेतीनशे पान होईल.

चुलवाण

मोकळा हाय. नसता तरी केला आसता. शेडमधे भट्टी मांडायला जागा किती हाय त्येचा फोटो पाठवा, वारं कुनीकडनं येतंय ते बगून ठेवा, डिसेंबरात पहाटंचं दव पडतंय तवा लाकडं आदल्या रातीच आत घ्यायला सांगा. आन खीर खपलीची करायची का साध्या गव्हाची, त्येवडं आईला इचारून कळवा. खपली आसंल तर मला आदल्या सांजंलाच भिजत घालाय पायजे.